दवाखान्यातील सासुरवास

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी हा विषय आम्ही कळविला, तेव्हा चालक मंडळींपैकी एका स्नेह्यांनी सरळच विचारले, "रुग्णालयातली माणसे आपापसांत कशी वागतात, ह्याच्याशी कामशेतकरांचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्हांला आपल्या स्टेशनाच्या फलाटावर सापडते. सकाळच्या लोकलला येथे ज्या मुली चढतात, त्यांत नाणे मावळातल्या आणि पवन मावळातल्या कितीतरी जणी परिचारिका आहेत, किंवा परिचर्येचे शिक्षण घेत आहेत. कोणी तळेगावला उतरते, कोणी पिंपरीला, कोणी थेट पुण्यापर्यंत जाते. मुलगी नोकरीला लागली म्हणून घरी पेढे वाटले जातात. तिकडे वॉर्डात तिच्या वाट्याला काय येते, ते घरी क्वचितच कळते. हा एक संबंध झाला. दुसरा असा, की आज ना उद्या आपणांपैकी प्रत्येकजण त्या वॉर्डातल्या खाटेवर असणार, आणि खाटेवरच्या माणसाचे बरेवाईट पुष्कळदा डॉक्टरांच्या विद्वत्तेइतकेच, त्या वॉर्डातली माणसे एकमेकांशी बोलतात की नाही, ह्यावर अवलंबून असते.

इंग्रजीत ज्याला 'बुलिइंग' म्हणतात त्याला मराठीत शब्द नाही, असे पुष्कळजण सांगतात. आम्हांला ते पटत नाही. आपल्याकडे शब्दांची वाण कधीच नव्हती. जाच आहे, छळ आहे, पाणउतारा आहे, टाकून बोलणे आहे, वाळीत टाकणे आहे. आणि ह्या सर्वांना पोटात घेणारा 'सासुरवास' हा एक शब्द असा आहे, की त्याचा अर्थ कोणत्याही आजीला समजावून सांगावा लागत नाही. सासुरवासात मारहाण असतेच असे नाही. कामाची विभागणी अशी केली जाते, की नवी सून दमून जावी. चूक झाली तर चारचौघांत, चूक झाली नाही तर माहेरावरून. आणि ती स्वयंपाकघरात आली, की चाललेले बोलणे थांबते. नेमके हेच रुग्णालयात घडते. फक्त तेथे चूल नसते, ड्यूटीचा तक्ता असतो.

ह्या प्रकाराचा शास्त्रीय अभ्यास प्रथम नेटाने केला तो स्वीडनमध्ये काम करणाऱ्या हाइन्झ लेमान ह्या मानसशास्त्रज्ञाने, १९८० नंतरच्या दशकात. त्याने त्याला 'मॉबिंग' असे नाव दिले. हा शब्द पक्ष्यांवरून आलेला आहे. घार किंवा घुबड दिसले, की पाच-पंचवीस कावळे गोळा होऊन ओरडत त्याच्या अंगावर जातात, हे दृश्य इंद्रायणीच्या काठी कोणीही पाहिलेले असेल. माणसांच्या बाबतीत फरक एवढाच, की येथे कावळ्यांच्या घोळक्यात सापडणारी बहुधा घार नसते, एखादी चिमणीच असते. लेमानने सीमाही आखून दिली. एखादे दिवशी कोणी रागावले तर तो जाच नव्हे. आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने असे वागणे चालू असेल, तर त्याला हे नाव द्यावे, असे त्याने म्हटले. सहा महिन्यांची अट आम्हांला फार कडक वाटते. पण त्यामागचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कडक असणे आणि जाच करणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. इंजेक्शन भरण्यापूर्वी बाटलीवरचे नाव वाचले नाही म्हणून इन्चार्ज सिस्टर ताडकन बोलल्या, तर त्या रुग्णाचा जीव राखीत आहेत. तेच बोलणे रोज, कारण असो वा नसो, एकाच मुलीला, आणि तेही रुग्णांच्या नातेवाइकांसमोर होऊ लागले, तर त्याचा रुग्णाशी संबंध उरलेला नसतो.

आता ही वॉर्डाची दुनिया कशी असते ते पाहू. वरून खाली पाहत आले तर मोठे डॉक्टर, त्यांच्या हाताखालचे निवासी डॉक्टर, त्यांतही पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचे. पलीकडच्या शिडीवर अधिसेविका, म्हणजे पूर्वीच्या मेट्रन, मग परिसेविका, मग अधिपरिचारिका, मग शिकाऊ मुली. आणि सर्वांत खाली वॉर्डबॉय व आया. गंमत अशी, की ह्या कडक उतरंडीत हाका मात्र सगळ्या घरातल्या आहेत. परिचारिका ती सिस्टर, पुरुष परिचारक तो ब्रदर, आया ती मावशी आणि वॉर्डबॉय तो मामा. ह्या हाकांत माया आहे, हे खोटे नव्हे. पण घर म्हटले, की घरातला जाचही आलाच, आणि 'घरातली गोष्ट बाहेर सांगू नये' हा दंडकही आला. त्यात अलीकडे आणखी एक भिंत उभी राहिली आहे: कायम आणि कंत्राटी. एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, एकच काम करणाऱ्या दोन मुलींच्या पगारात मोठे अंतर असते, आणि गणवेश जरी सारखा असला, तरी कोण कोणत्या बाजूची हे पहिल्या दिवशीच सर्वांना ठाऊक होते.

जाचाची हत्यारे साधी असतात. लागोपाठ रात्रपाळ्या लावणे. गौरीगणपतीची रजा नेमकी एकीचीच नामंजूर करणे. औषधांच्या कपाटाची किल्ली कोठे आहे ते न सांगणे, आणि ती सापडली नाही म्हणून ओरडणे. पाळी बदलताना रुग्णाची माहिती अर्धीच देणे. दुसऱ्याची चूक तिच्या अंगावर ढकलणे. बोलीवरून, गावावरून, आडनावावरून टोमणे मारणे. सर्वांत धारदार हत्यार म्हणजे काहीच न करणे. डबे उघडले जातात, चहा येतो, आणि तिला कोणी बोलावीत नाही. जातपंचायतीने माणसाला वाळीत टाकणे महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरविला. चहाच्या टेबलावरचा बहिष्कार मात्र कोणत्याही कायद्याच्या चिमटीत सापडत नाही.

येथे कोणी म्हणेल, की हा दोन-चार दुष्ट माणसांचा प्रश्न आहे. त्यांना काढून टाकले की झाले. असे असते तर हे व्याख्यान देण्याचे कारणच नव्हते. आमचे म्हणणे असे, की पुष्कळदा हा जाच एरवी भल्या असणाऱ्या बायका आणि पुरुष करतात, आणि तो गटाच्या नावाने करतात. भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे सावड चालते. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. सावडीवाचून मावळातल्या पावसात लावणी उरकणे कठीण. पण जो सावड मोडतो त्याच्याकडे पुढल्या वर्षी कोण जाते? गटाचे बळ आणि गटाचा धाक एकाच दोरीचे दोन पदर आहेत. वॉर्डातही तसेच. साठ रुग्ण आणि दोन परिचारिका अशी रात्र ज्यांनी एकत्र काढली, त्यांचे सख्य घट्ट होते. आणि जी अजून त्या सख्यात आलेली नाही, तिची परीक्षा पाहिली जाते. 'आपली' होईपर्यंत ती 'परकी' असते.

परकेपण निर्माण व्हायला कारणही फार लागत नाही. हेन्री ताइफेल हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत होता, सुटून आला तेव्हा घरातली जवळजवळ सर्व माणसे मारली गेलेली होती. पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे त्याने शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले व ते १९७० च्या सुमारास प्रसिद्ध केले. पडद्यावरचे ठिपके मोजायला लावून त्याने मुलांना सांगितले, की तुमच्यापैकी काहीजण ठिपके जास्त मोजणारे आहेत आणि काहीजण कमी मोजणारे. वस्तुतः ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, मनास येईल तशी केलेली होती. मग थोडे पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावे, अशा हिशेबानेही पैसे वाटले. ठिपक्यांवरून जर एवढे होते, तर जात, भाषा, पगार आणि पदवी ह्यांवरून काय होईल ते निराळे सांगावयास नको.

तरीपण गट सर्वत्र असतात. शाळेत असतात, बँकेत असतात, कारखान्यात असतात. मग रुग्णालयाची गोष्ट वेगळी का काढावी? ह्याचे फार मार्मिक उत्तर इझाबेल मेन्झीस ह्या बाईंनी दिले आहे. लंडनमधील एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयातील परिचारिकांचा त्यांनी केलेला अभ्यास १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्या रुग्णालयात शिकाऊ मुलींपैकी सुमारे एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट टाकून जात होत्या. मेन्झीसबाईंनी पाहिले, की ह्या कामात भीती पदोपदी आहे. अठरा-वीस वर्षांच्या मुलीने परक्या माणसाची मलमूत्रे काढावयाची, त्याच्या वेदना पाहावयाच्या, सकाळी ज्याच्याशी बोललो त्याला संध्याकाळी चादरीत गुंडाळावयाचे. ही भीती मनात मावत नाही. म्हणून सारी संस्थाच नकळत अशी घडते, की भीती जाणवू नये. रुग्णाचे नाव जाते आणि 'दहा नंबरचे यकृत' राहते. प्रत्येक काम तिघांकडून तपासून घ्यायचे, म्हणजे जबाबदारी कोणा एकाची नाही. आणि मनातली बेजबाबदारीची भीती उचलून खालच्यांवर टाकावयाची: 'ह्या आजकालच्या मुली कामचुकार.' खालच्यांनी आपल्या मनातला कठोरपणा वरच्यांवर टाकावयाचा: 'ह्या सिस्टर म्हणजे राक्षसीण.' दोघीही खऱ्या माणसाशी बोलत नाहीत, आपल्याच सावलीशी बोलतात. साठ वर्षे उलटून गेली, तरी हे वर्णन वाचताना आम्हांला लंडनचे वाटत नाही.

पुढे १९८३ मध्ये सुझन रॉबर्ट्स ह्या अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ बाईंनी आणखी एक गोष्ट मांडली. जो समूह स्वतः दडपलेला असतो, तो वरच्याला काही करू शकत नाही, म्हणून राग शेजारच्यावर किंवा खालच्यावर काढतो. परिचारिकांचे असेच झाले आहे, असे त्यांचे म्हणणे. आपल्याला हे सांगायला अमेरिकेतून कोणी यावयास नको होते. सासूही एके काळी सून होती, हे जात्यावर बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. सासूने सोसले म्हणून ती मऊ होईल असा आपला भाबडा समज. प्रत्यक्षात 'आम्ही सोसले, मग हिला काय धाड भरली?' हाच प्रश्न तिच्या ओठांवर येतो. निवासी डॉक्टरांतही हेच चालते. पहिल्या वर्षी ज्याला छत्तीस छत्तीस तास झोपू दिले नाही, तो तिसऱ्या वर्षी 'त्यानेच माणूस तयार होतो' असे म्हणू लागतो. आणि परिचर्येच्या पेशाकडे समाजाने किती काळ नाक मुरडले, हेही विसरता येत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्याला वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हे येथे सर्वांना माहीत आहे. रमाबाई रानड्यांनी पुण्याचे सेवासदन उभे केले, मुलींना परिचर्या शिकण्यासाठी ससून रुग्णालयात पाठविले आणि त्यासाठी लोकांची बोलणी खाल्ली, हे त्यामानाने कमी आठवले जाते.

महाराष्ट्रात ह्या विषयाला तोंड फुटले ते २०१९ मध्ये, एका मृत्यूमुळे. डॉ. पायल तडवी ही जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली सव्वीस वर्षांची डॉक्टर मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला महाविद्यालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकारी डॉक्टर राखीव जागेवरून आणि जमातीवरून तिचा सतत अपमान करीत होत्या, असा तिच्या कुटुंबीयांचा आरोप. तिघींवर गुन्हा नोंदविला गेला. आरोपांचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. व्याख्यानाच्या व्यासपीठावरून तो करण्याचा आमचा अधिकार नाही. पण घरच्यांनी तिच्या हयातीतच तक्रार केली होती, असे ते सांगतात, आणि तेवढ्यापुरता आम्ही विचार करतो. तक्रार जेथे करावयाची, तेथे बसलेली माणसेही त्याच गटातली असतात. आपल्या विभागाचे नाव जाऊ नये, ही त्यांची पहिली काळजी. त्यामुळे 'थोडे सांभाळून घ्या' हा सल्ला, जिने सोसले तिलाच दिला जातो.

एवढे ऐकून रुग्णालयातील एकजूट म्हणजे केवळ वाईट, असे कोणी समजेल. म्हणून मुंबईचेच दुसरे उदाहरण सांगितले पाहिजे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानभाग ह्या तरुण परिचारिकेवर तेथल्याच एका कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. तिच्या मेंदूला इजा झाली. ती पुन्हा शुद्धीवर अशी आलीच नाही. मुंबईच्या परिचारिकांनी तेव्हा संप केला. संप संपला, पण त्या तिला विसरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी ती वारली, तोपर्यंत साडेएकेचाळीस वर्षे के. ई. एम.च्या परिचारिकांनी तिला भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. १९७३ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुली नोकरीला लागल्या आणि ती सेवा करू लागल्या. तिचे अन्न थांबवावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तिचे खरे सुहृद म्हणून मान्य केले ते ह्याच कर्मचाऱ्यांना; आणि त्यांचे म्हणणे तिला जगू द्यावे असे होते. ही 'आपली' म्हणण्याची तीच शक्ती. अरुणाताई त्या वर्तुळाच्या आत होत्या. प्रश्न असतो तो वर्तुळ कोठे आखले जाते हा.

आता रुग्णाकडे वळू. काही वर्षांपूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या आजारपणात आम्ही एका रुग्णालयाच्या बाकावर अठरा रात्री काढल्या. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. रात्री दीडच्या सुमारास एक नवी परिचारिका हातात केसपेपर घेऊन ड्यूटीरूमच्या दारापर्यंत जाई आणि परत येई. दोनदा गेली, दोनदा परतली. आत चौघी चहा घेत होत्या. फरशी पुसणाऱ्या मावशींनी विचारले, "काय गं पोरी, किती येरझारा घालशील?" गोष्ट अशी होती: इन्शुलिनचे प्रमाण लिहिताना डॉक्टरांनी युनिट ह्या शब्दाचे इंग्रजी आद्याक्षर असे काढले होते, की ते शून्यासारखे दिसत होते. चार की चाळीस? मुलीला चाळीसची शंका आली होती, पण दोन दिवसांपूर्वी असेच काही विचारले, तेव्हा "कॉलेजात काय शिकलात बाईसाहेब?" असे उत्तर आणि हशा मिळाला होता. मावशींनी कागद घेतला, आत गेल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, पेशंटचे नातेवाईक विचारत्यात, एवढं बघा." आकडा चार होता. विचारणारे नातेवाईक म्हणजे आम्ही; आणि आम्ही काहीएक विचारले नव्हते. चाळीस युनिट गेले असते तर काय झाले असते, ते श्रोत्यांतील मधुमेही मंडळींना ठाऊक आहे.

ही केवळ आमची कहाणी नव्हे. अमेरिकेत १९६६ साली हॉफलिंग ह्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बावीस परिचारिकांना एका अनोळखी डॉक्टरच्या नावाने फोन करून एका औषधाची वीस मिलिग्रॅम मात्रा द्यावयास सांगितले. बाटलीवर कमाल मात्रा दहा अशी स्पष्ट छापलेली होती. बावीसपैकी एकवीस जणी औषध द्यावयास निघाल्या. वाटेत त्यांना थांबविण्यात आले. पुढे १९७७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो प्रयोग थोडा बदलून केला: औषध ओळखीचे होते, आणि परिचारिकेला सहकाऱ्यांना विचारण्याची मोकळीक होती. ह्या वेळी अठरापैकी केवळ दोघी आज्ञा पाळावयास तयार झाल्या. विचारावयास शेजारी माणूस असणे, हे किती मोठे औषध आहे पाहा. आणखी एक विलक्षण गोष्ट एमी एडमंडसन ह्या बाईंना १९९६ च्या एका अभ्यासात आढळली. जेथे परिचारिकांचे आपसांत चांगले जमते, तेथे औषधांच्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे निघाले. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त! बारकाईने पाहता कळले, की त्या वॉर्डांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. धाकाच्या वॉर्डात वही कोरी राहते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण येथे एक चमत्कारिक फट आहे. रॅगिंगला मनाई करणारा महाराष्ट्राचा १९९९ चा अधिनियम शिक्षणसंस्थांना लागू आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे, आणि लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करावयाची आहे. म्हणजे शिकाऊ मुलीला आधार आहे. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा केंद्रीय कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात, तेथे अंतर्गत समिती हवीच, आणि रुग्णालयांचा उल्लेख त्यात नावाने आहे. जातीवरून वा जमातीवरून छळ झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. परंतु मुलगी पास होऊन परिचारिका म्हणून रुजू झाली, आणि जाच ह्यांपैकी कशातच न बसणारा असला, नुसता रोजचा जाच असला, तर त्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. स्वीडनने असा नियम १९९३ मध्ये केला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनेही २०१९ मध्ये कामाच्या जागेवरील हिंसा व छळ ह्यांविरुद्ध एक करार संमत केला.

कायदा येईल तेव्हा येवो. वॉर्ड बदलतो तो बहुधा इन्चार्ज सिस्टर बदलली की. ड्यूटीचा तक्ता भिंतीवर उघडा लावला, रात्रपाळ्या आळीपाळीने नावानिशी मांडल्या, आणि पाळी बदलताना 'कोणाला काही विचारावयाचे आहे?' असे नवख्या मुलीकडे पाहून विचारले, एवढ्यानेही हवा पालटते. बघ्यांपैकी एकीने, फक्त एकीने, आपला डबा उचलून त्या मुलीशेजारी जाऊन बसावे. घोळका तेथेच फुटतो.

आणि येथे बसलेल्या आईबापांना एक विनंती. लोकलने परत आलेल्या मुलीला 'नोकरी कशी चालली आहे?' असे विचारू नका. 'बरी' असे उत्तर येते. 'आज डबा कोणाबरोबर खाल्लास?' असे विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर तिला एक वही आणून द्या. काय घडले, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणासमोर, आणि नेमके कोणते शब्द, ते त्याच रात्री तिने लिहून ठेवावे. तक्रार लेखी द्यावी, तिच्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि एकटीने जाऊ नये. आणि ती जेवेनाशी झाली, झोपेनाशी झाली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागली, तर वही-तक्रार नंतर. आधी तिला कामावरून घरी आणावे, एकटे ठेवू नये, आणि डॉक्टरांना दाखवावे. मनाच्या आजारासाठी सरकारची १४४१६ ही बिनपैशाची दूरध्वनी-सेवा रात्रंदिवस चालते, आणि तेथे मराठीत बोलता येते.